झाडांचा शिक्का

बसा. त्या खुर्चीचा पाय कच्चा आहे, दुसरी घ्या.
लिफ्टसाठी नाणं होतं ना खिशात?
आमच्या ग्लदानीत वर यायला पैसे पडतात,
उतरणं फुकट.
नुगझार म्हणायचा, तिबिलिसीचं सगळं नगरनियोजन
या एका लोखंडी डब्यात मावतं.

दाखवा तुमचं चित्र.
चौतीस मजले. काच निळी, आभाळ तिच्याहून निळं,
आणि कुत्र्याला फिरवणारी ही सडपातळ बाई.
ही आमच्यातली नाही एवढं नक्की,
हिच्या हातात बटाट्याची पिशवी नाही.

थांबा, मोजपट्टी घेते.
अडतीस वर्षं संस्थेत नकाशे काढलेत मी.
तुम्ही बसलात ते घरही माझ्याच हातचं.
स्वयंपाकघर सहा चौरस मीटर होतं,
वरून साडेपाच मंजूर होऊन आलं.
मी भिंतीची रेघ दोन मिलिमीटर आत घेतली
आणि जेवायला गेले.
पुढे सासू आणि मी
त्या दोन मिलिमीटरांपायी
एकवीस वर्षं एकमेकींना कोपरं लावत भाकरी भाजली.

ही पुढे आलेली खोली? ती माझी नाही.
ती त्र्याण्णव सालची. वीज नाही, पगार नाही,
बंद कारखान्यातून नुगझारने पाइप ओढून आणले.
अशी खोली एकट्याला बांधता येत नाही, माहीत आहे?
खांब जमिनीतून उठतो,
खालचा तयार नसेल तर वरच्याला काही नाही.
दुसऱ्या मजल्यावरचा ओतिया
बुद्धिबळाच्या एका चालीवरून चार वर्षं बोलत नव्हता.
वेल्डिंगचं यंत्र घेऊन आला. तेव्हाही बोलला नाही.
सहा मजले, सहा घरं, नकाशा शून्य,
आणि मी नकाशेवाली आतून ओरडत होते, पडेल, पडेल.

कुरूप आहे. मला सांगू नका,
मी रोज बसथांब्यावरून बघते.
पण नुगझार शेवटचा हिवाळा इथेच जगला,
अक्रोड वाळत घातलेल्या कागदावर पाय ठेवून.

उंचीशी माझं भांडण नाही.
सांधे फुटलेत, त्सियालाच्या भिंतीतून वारा शीळ घालतो,
हे घर पाडायला हवं हे तुमच्याआधी मला कळलं.
लामाराला सही करायचीय, तिचे गुडघे गेलेत.
ओतियाचा मुलगा पोलंडहून फोन करतो, विका.
झुझुना म्हणते, आधी किल्ली हातात, मग पेन.
तिची बहीण नऊ वर्षं एका खड्ड्याकडे बघत भाडं भरतेय.

माझा प्रश्न साधा आहे.
ही बारा झाडं. खाली दोन मजले गाड्या.
मुळं कुठे जाणार?

हसू नका. संगणक टाकतो म्हणता ना आपोआप,
आमच्याकडे रबरी शिक्का होता.
शाईत बुडवायचा, नकाशा जिथे भुंडा दिसेल
तिथे ठोकायचा. लिंडन.
या अंगणात मी सतरा लिंडन ठोकले,
वरिष्ठ म्हणाले, वा, हिरवळ आहे.
लावायला कुणी आलं नाही.
मीही नाही गेले.

इकडे या, खिडकीशी.
ती तुती दिसते? कुणाच्याच नकाशात नव्हती.
गळक्या नळापाशी आली आपली आपण.
जूनमध्ये सगळ्या वस्तीची पोरं जांभळ्या तोंडाने घरी जातात,
आणि खाली गाडी लावणारे मला शिव्या देतात,
जसं काही मीच ठोकलं ते झाड.
तुमच्या चित्रात तिच्या जागी
त्या बाईचं कुत्रं उभं आहे.

पेन नको. पेन्सिल द्या.
हा बुंधा. हा घेर, नऊ मीटर, मी पावलांनी मोजलाय.
आता तुमचा गाड्यांचा उतार इथून जात नाही,
हो ना? मग हलवा.
हलत नाही म्हणू नका,
एकदा माझ्याही हाताखाली
भिंत हलली होती.